चौकीत जप्त झालेली पांढरी काठी

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी काठी आहे. पोलिसांच्या कागदात मात्र मी हत्यार आहे. सध्या माझा मुक्काम चौकीतल्या कपाटामागे, एका फुटक्या हेल्मेटशेजारी. हेल्मेटला माझ्यात रस नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी कारखान्यात जन्मले. ॲल्युमिनियमच्या नळ्या, आत ताणलेली रबरी दोरी, टोकाला लाल पट्टा. नगरच्या एका शिबिरात पुढाऱ्याने मला माधुरीच्या हातात दिले. फोटो नीट आला नाही, तेव्हा परत घेऊन पुन्हा दिले.

माधुरीला जन्मापासून दिसत नाही. तिची वस्ती शनिदेवाच्या गावाला लागून. तिथून ती नोकरी करते त्या पतसंस्थेपर्यंत आमचा रोजचा रस्ता. खड्डा, गटार, आडवी लावलेली मोटारसायकल, सगळे मी ठोकून सांगायचे. लोक म्हणायचे, काठी किती उपयोगी. चालणाऱ्या माधुरीचे कौतुक करायचे मात्र कोणाच्या ध्यानात यायचे नाही.

मग जिलबी आली. पिवळसर, गुबगुबीत कुत्री, दूरच्या शहरात वाट दाखवण्याचे शिक्षण घेतलेली. मी घडी होऊन पिशवीत गेले, जेवणाच्या डब्याखाली. मला ती आवडत नसे. मी खड्डा लागल्यावर सांगायचे, ती खड्डा यायच्या आधीच वळायची. असल्या हुशारीचा राग येतोच. पण माधुरी पहिल्यांदाच भरभर चालू लागली. तिची आई बनाबाई शेजारणींना सांगायची, "आता माझी पोरगी कुनाचा हात धरीत न्हाई."

आमच्या वाटेवर राधाकृष्णचे दुकान आहे. तेल आणि रुईच्या माळा विकतो. इकडे घराला चौकट असते, दार नसते. देव राखतो, चोरी होत नाही, असे तो प्रत्येक भाविकाला बाटली देताना सांगतो. त्याच्या पाठीमागे टायगर नावाचे दांडगे कुत्रे मोकळे बसलेले असते.

त्या सकाळी टायगरने जिलबीची मान धरली. मित्रांनो, शिकवलेले कुत्रे उलटून चावत नाही. ती पळालीही नाही, कारण तिच्या पट्ट्याला माधुरीचा हात होता. ती तशीच उभी राहिली आणि फाटत गेली. दुकानासमोर माणसे होती. त्यांनी मोबाईल काढले. राधाकृष्ण गल्ल्यावरून म्हणाला, "काय करत न्हाई तो, खेळतोय."

माधुरीने मला पिशवीतून ओढले आणि आवाजाच्या दिशेने हाणले. मी टायगरच्या पायावर बसले आणि वाकले. त्याने जिलबीला सोडले. आयुष्यात इतके सरळ काम मी कधी केले नव्हते.

जिलबीच्या मानेला टाके पडले. माधुरी आणि बनाबाई चौकीत आल्या, तर राधाकृष्ण आधीच येऊन बसलेला. मुक्या जनावराला मारले, अशी त्याची तक्रार. असल्या तक्रारीला कायद्यात कलम होते. पुरावा म्हणून मी जप्त झाले.

माधुरीच्या तक्रारीवर भागवत हवालदार अडले. "ताई, तुमाला चावलं का? न्हाई. मग हे कुत्र्याकुत्र्याचं भांडण. त्यात मी काय लिहू?"

"माझी कुत्री कामावर होती."

चौकीत हशा पिकला. माधुरीने तो संपू दिला. मग विचारले, "राधाकृष्णभाऊ, टायगर राखणीला ठेवलाय का?"

चौकीच्या दारात त्याचीच चार गिऱ्हाईकं उभी होती. राधाकृष्णने त्यांच्याकडे पाहिले. "राखनीला कशाला? राखनारा देव हाय."

"मग मोकळा का असतो?"

"घराला दार न्हाई, कोंडू कुठं?"

"दार देवाला चालत नाही, ठीक. साखळी चालते ना?"

यावर कोणी हसले नाही. हवालदारांनी पेन खाली ठेवले आणि समेटाचे बोलले. दोघांनी तक्रार मागे घ्यावी, काठी आत्ताच्या आत्ता परत मिळेल. बनाबाई म्हणाली, "घे माधुरी. कुत्री पडून हाय, काठी बी न्हाई, उद्या जाशील कशी?"

मीही मनात म्हणाले, घे.

माधुरी म्हणाली, "नाही. काम करणाऱ्या कुत्रीवर हल्ला झाला, एवढं लिहा. आज लिहिलं नाही तर उद्या तिला मारूनच टाकतील, आणि तेही भांडणच ठरेल."

हवालदारांनी शेवटी लिहिले, नाखुशीने आणि मोठ्या अक्षरात. माधुरी आईचा हात धरून पायऱ्या उतरली. किती वर्षांनी धरला होता. त्या दिवसापासून जिलबीचा हेवा मी सोडला.

जिलबीची जखम भरली, असे माधुरी चौकशीच्या तारखेला चौकीत येते तेव्हा हवालदारांना सांगते. पण त्या दुकानाजवळ जिलबी थांबते, थरथरते, पुढे पाय टाकत नाही. माधुरी अजून आईच्या हातानेच नोकरीवर जाते. टायगर मोकळा आहे.

मी वाकलेलीच आहे. व्हरांड्यात झोपलेली भटकी कुत्री हवालदार हल्ली मलाच उगारून हाकलतात. त्याबद्दल अजून कोणी तक्रार केलेली नाही.

मित्रांनो, वाट दाखवणारे कुत्रे दिसले तर त्याला गोंजारू नका, मोबाईल काढू नका. आपले कुत्रे आधी धरा. कायदा येईल तेव्हा येईल. साखळी बाजारात आजही मिळते.