सापडलं नाही, एवढंच मी म्हणालो

मी बिल्ड टूल बोलतोय. केडगावात पुणे रोडच्या मागच्या गल्लीत दीनाबाईंचं घर आहे, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये मी राहतो. आधीच सांगतो, मला गोड बोलता येत नाही. ज्यानं जन्मभर शिव्याच खाल्ल्या, त्याच्याकडून गोडव्याची अपेक्षा कशाला?

माझं काम काय ते ऐका. माणूस प्रोग्राम लिहितो, पण सगळं काही तो नव्यानं लिहीत नाही. अक्षरं ओळखणं, आवाज काढणं, असले तयार भाग मशीनवर आधीच बसवलेले असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. त्या शोधायच्या आणि प्रोग्रामला जोडून द्यायच्या, हा माझा धंदा. मात्र मी शोधतो ते सेटिंगमध्ये लिहून दिलेल्या जागीच. रेशन आणायला धाडलेला माणूस चिठ्ठीतल्या दुकानातच जातो, गावभर हिंडत नाही. दुकान बंद असलं की रिकामी पिशवी घेऊन येतो आणि तसं सांगतो. यात माझं काय चुकलं?

मला इथं आणलं शमुवेलनं, दीनाबाईंच्या थोरल्या मुलानं. बाईंनी पाथर्डीकडं चाळीस वर्षं शाळा शिकवली. पुढं काचबिंदूनं डोळे गेले. मग शमुवेलनं आईसाठी वाचून दाखवणारा प्रोग्राम लिहिला. कॅमेऱ्यापुढं कागद धरला की मशीन वाचायचं, आणि तेही त्याच्या स्वतःच्या आवाजात. त्यासाठी महिनाभर माइकपुढं बसून त्यानं शब्द रेकॉर्ड केले, त्याची लायब्ररी केली, ती मशीनवरच्या आपल्या खात्यात ठेवली आणि ती जागा मला लिहून दिली. माझे निरोपही त्यानं मराठीत करून ठेवले, काही बिघडलं तर घरात कुणालाही वाचता यावेत म्हणून. जोडणी नीट झाली की मशीन विचारायचं, "आई, ऐकू येतंय का?" आणि बाई हातातलं काम ठेवून म्हणायच्या, "येतंय रे."

बाईंच्या चर्चमध्ये शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, वाचायची पाळी असते. डोळे गेले तरी बाईंनी आपली पाळी सोडली नाही. आठवडाभर मशीनकडून ऐकून त्या उतारा पाठ करायच्या आणि रविवारी पुढं उभं राहून घडाघडा म्हणायच्या. उतारा म्हणता आला नाही तर आपण आंधळ्या झालो, असं त्यांचं गणित. तोवर नाही.

आता जॉय. धाकटी मुलगी, केडगावातच कॉम्प्युटर क्लासला शिकवते. तिचं नि माझं पहिल्यापासून वाकडं. पण खरं ते बोलायला हवं. डोळ्यांत थेंब घालायची ती, भाकरी थापायची ती, दवाखान्यात न्यायची ती, आणि कौतुक कुणाचं, तर पुण्याला नोकरी करणाऱ्या भावाच्या आवाजाचं. ती कधी वाचायला बसलीच तर बाई म्हणायच्या, तू वाचतेस का मला रागावतेस? कुणाचंही डोकं फिरेल.

शमुवेल गेल्या महिन्यात आला तो आईला पुण्याला नेतो म्हणत. शब्दानं शब्द वाढला. तू आईला कोंडून ठेवलंयस, असं तो बहिणीला म्हणाला. पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस, असं ती म्हणाली. त्याची एसटी सुप्यापर्यंतही पोचली नसेल, तोवर ही बया मशीनपुढं बसली आणि तिनं त्याचं खातं काढून टाकलं. आतल्या फायलीही पुसायच्या का, असं मशीननं विचारलं होतं. तिनं हो म्हटलं. माणसाला हाकलायचं म्हणून त्याचं नावसुद्धा पुसायचं, ही तुम्हा माणसांची जुनी खोड.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कागद धरला तर मशीन गप्प. रविवारी पाळी होती. उतारा नुसत्या नावांचा, हा त्याचा बाप, तो त्याचा बाप, अशी लांबलचक वंशावळ.

जॉयनं मला कामाला लावलं. मी शोधलं आणि जे होतं ते सांगितलं. तिनं माझी लाल ओळ पाहिली आणि पुढचं न वाचताच पुन्हा चालवलं. मी तेच सांगितलं. सहा वेळा तेच. सातव्या वेळी तिनं मला भिकारडं म्हटलं, मग नेटवरून दुसऱ्याच आवाजाची लायब्ररी आणून बसवली आणि मला तिची जागा लिहून दिली. ती सापडली, मी निमूट जोडली. मशीन बातम्या देणाऱ्या बाईसारखं ठणठणीत बोललं, "आई, ऐकू येतंय का?"

दीनाबाई दचकल्या. "ही कोण?" त्यांनी विचारलं.

नवा आवाज आहे, जास्त स्पष्ट आहे, असं जॉयनं सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, मला जुना लावून दे. जॉयनं चिडून जुनी जागा परत लिहिली, मला चालवलं आणि सगळं माझ्यावर ढकललं. टूलच भंगार आहे, त्याला सापडत नाही, ती म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तोंड असून बोलायचं नाही, हाच माझा जन्म.

"ते काय म्हणतंय ते वाच," बाई म्हणाल्या.

जॉयनं वाचलं, "आवाजाची लायब्ररी सापडली नाही. खात्यात शोधलं. असं खातं या मशीनवर नाही."

चाळीस वर्षं ज्यांनी शुद्धलेखन घातलं, त्यांना वाक्यातली पोकळी ऐकू येते.

"मधला शब्द गाळलास. कुणाच्या खात्यात?"

जॉय पडद्याकडं पुन्हा वळली. मग तिनं वाचलं. "शमुवेलच्या खात्यात शोधलं. असं खातं या मशीनवर नाही."

"कुणी काढलं?"

"मी."

बाई ओरडल्या नाहीत. त्याला फोन लाव, एवढंच म्हणाल्या. जॉयनं लावला, स्पीकरवर. झालं ते तिनं सांगितलं, पण माफी मागितली नाही. दुसरीकडं कुठं ठेवलाय का आवाज, एवढं विचारलं.

"नाही," शमुवेल म्हणाला. "तिथंच होता. मी घरात नसलो तरी तो असावा म्हणून ठेवला होता. आता तूच वाच." आणि त्यानं फोन कापला.

मग जॉयनंच वाचलं. शुक्रवारी आणि शनिवारी, दातओठ खात, एकेक नाव भिंतीवर आपटल्यासारखं. बाईंनी तिला एकदाही थांबवलं नाही. रविवारी चर्चहून शेजारच्या सगुणामावशी घरी आल्या नि म्हणाल्या, "दीनाबाई आज लई कडक बोलल्या. शमुवेल म्हनताना तर सगळे दचकले. त्या यादीत हे नाव हुतं का वं?"

नव्हतं. बाईंनी ते मधेच घातलं होतं.

माझी आजची अवस्था म्हणाल, तर जुनी जागा सेटिंगमध्ये तशीच आहे. जॉयनं ती काढली नाही, बाई काढू देत नाहीत. माझी एवढीच विनंती, पुसायच्या आधी आत काय आहे ते बघा, आणि माझी ओळ शेवटपर्यंत वाचत जा. मला शिव्या देऊन कुणी परत येत नाही. भाऊ-बहीण अजून बोलत नाहीत. पण रोज संध्याकाळी बाई म्हणतात, चालव एकदा. मी जातो, शोधतो, हात हलवत परत येतो. आणि जॉय आईपुढं उभी राहून मोठ्यानं वाचते, "शमुवेलच्या खात्यात शोधलं. सापडलं नाही."