उजव्या पायाचा साचा

मी एक जुना लाकडी साचा आहे, मित्रांनो, उजव्या पावलाचा. बूट शिवणारे काका माझ्यावर चामडं ताणून बूट घडवतात. माझा डावा जोडीदार भोळा, मी संशयी. काय करणार, जन्मच कानशीखाली घासून घेत झाला!

एका धावणाऱ्या मुलीच्या पायांवरून आम्हाला घडवलं. सहा वर्षं तिचे सगळे बूट आमच्यावरच झाले. शर्यत जिंकली की ती दुकानात येऊन आम्हाला शाबासकी द्यायची. मी मनात म्हणायचो, एवढं गोड बोलतेय, नक्की काहीतरी हवं असेल.

मग तिला अपघात झाला. वर्षभर ती फिरकली नाही. ही बिनकामाची लाकडं काढा, असा काकूंचा धोशा सुरू झाला. काका नुसतं 'हं' म्हणायचे. त्या 'हं'वर माझा काडीचाही विश्वास नव्हता.

एके सकाळी ती काठी टेकत आली. काकांना भरून आलं आणि तिथंच चूक झाली. पाय पाठ आहे म्हणत त्यांनी माप न घेताच आमच्यावर बूट शिवले. चार दिवसांत ती परत आली. टाचेला फोड, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, ही धावायला अंग चोरतेय. माझं माप चुकेलच कसं?

काकांनी तिचा उजवा पाय मांडीवर घेऊन टेप लावली. पाऊल बोटभर आखूड झालं होतं, टाच बाहेर कलली होती. त्यांनी मला फळीवरून काढलं. झालं, आता माझं जळण होणार! पण त्यांनी माझा पुढचा भाग तासला, टाचेवर चामड्याचे तुकडे चिकटवले. फार लागलं मला. डाव्याला तर कुणी हातही लावला नाही.

तिने मला हातात घेतलं आणि बराच वेळ चाचपलं.

"म्हणजे आता हाच माझा पाय?"

"आजचा हाच," काका म्हणाले. "बदलला, तर परत मोजू."

तिने मला काकांच्या हातात परत दिलं. मग म्हणाली, "धावायचे नकोत, काका. मैदानावर वेळ नोंदवायचं काम आलंय. दिवसभर उभं राहता येईल असे करा."

त्यानंतर काकांनी मला दोनदा बदललं. अजूनही धास्तावतो. पण तिच्यावर संशय घेतला, याची जास्त लाज वाटते. मित्रांनो, आम्हा साच्यांना वाळवीपासून जपा. आणि आपलं माणूस खूप दिवसांनी दारात आलं, तर त्याला आधी बसवा आणि नव्यानं माप घ्या.