चौथी टाचणी

शिंपी मास्तरांनी ओठांत चार टाचण्या धरल्या होत्या. आतून सूनबाईने विचारलं, "बाबा, पान वाढू का?" मास्तर सवयीने "हं, आलो" म्हणाले, आणि ओठांत तीनच उरल्या.

कोटाची बाही टाचून झाली. गिऱ्हाईक गेलं. मग मास्तरांनी जमीन चाचपली, लोहचुंबक फिरवलं. घशात काहीतरी खरचटल्यासारखं वाटत होतं, तरी ते गप्प राहिले. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाने टाचणी गिळली, हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

रात्री त्यांनी ताट तसंच सरकवलं, तेव्हा सूनबाईने काहीतरी बिनसल्याचं ओळखलं आणि खरं सांगेपर्यंत पिच्छाच पुरवला. सकाळी तिने त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं.

एक्स-रे बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काल लगेच आला असतात तर जठरातूनच दुर्बिणीने काढली असती. आता लहान आतड्यात उतरली आहे."

"मग?"

"मग वाट बघायची. आतडं स्वतःच पुढे ढकलत नेतं. टोक टोचलं की तिथली जागा जरा मागे सरते आणि टाचणी वळते. डोकं पुढे, टोक मागे."

"दर वेळी वळते?"

"बहुतेक वेळी. पोट दुखलं, ताप आला, उलटी झाली, तर तडक या. मग कापावं लागेल. आणि जुलाबाचं औषध मुळीच घेऊ नका."

'बहुतेक' हा शब्द मास्तरांच्या डोक्यातून जाईना. लहान आतडं वीस फूट असतं, असंही बाई बोलल्या होत्या. घरी येऊन त्यांनी दुकानातल्या चार टेपा एकापुढे एक जमिनीवर मांडल्या. भिंतीपर्यंत गेल्या, वळून परत आल्या. एवढी वाट, आणि पोटात कुठे गुरगुरलं तरी त्यांचा हात तिथेच जाई. खोकला आला तर ते दाबून धरत. कूस बदलायचीही भीती.

सूनबाई दारात उभी राहून टेपांकडे बघत होती. "मापं कुणाची घेताय?"

"माझीच."

तिने भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट केलं. सासूबाईंनी शिवलेली, मनगटाला बांधायची टाचण्यांची उशी तिथे लटकत होती. "ती असताना तोंडात कशाला धरता? आई असत्या तर पट्टीच हाणली असती."

मास्तर म्हणाले, "तिने खोचलेल्या टाचण्या आहेत त्यात. सात. तिने जशा लावल्या तशाच. एक काढली की मोडेल ते."

सूनबाई टेपा गुंडाळू लागली.

दोन दिवस गेले. दोनदा पोटात कळ आली, दोनदा मास्तर पायात चपला घालून दाराशी बसले, आणि दोन्ही वेळा कळ विरून गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडासमोर धरला, परत एकदा पाहिला.

"नाही आता. गेली."

"कधी?"

"ते तुम्हालाच ठाऊक असायला हवं," बाई म्हणाल्या. सूनबाई तोंड फिरवून हसली.

दुपारी कोटाचं गिऱ्हाईक परत आलं. दुसरी बाही टाचायची होती. मास्तरांचा हात टाचण्यांच्या डबीकडे गेला, तिथून ओठांकडे, आणि अर्ध्यावर थांबला.

त्यांनी खिळ्यावरची उशी काढून मनगटाला बांधली. कडेची एक टाचणी उपसली. तिच्या जागी बारीकसं भोक राहिलं. मास्तरांनी त्यावर अंगठा ठेवला, मग बाही धरली.