डबीतलं विरजण

डेअरीवाल्या बाईंचा एक नियम होता आणि तो मोडणाऱ्याची धडगत नसे. दह्याचं भांडं कधी पुरतं रिकामं करायचं नाही. तळाशी थोडं राखायचं, त्यावर नवं दूध घालायचं, की विरजण चालू राहतं. हे विरजण त्यांच्या सासूबाईंनी त्यांच्या हाती सोपवलं होतं आणि तेव्हापासून ते एकदाही तुटलं नव्हतं. घरात माणसं आजारी पडली, दुकानाची जागा बदलली, नवऱ्याने मधेच आइस्क्रीमचा धंदा काढून हात पोळून घेतले, पण विरजण अखंड होतं. पुढे ते कोणाच्या हाती द्यायचं, हेही बाईंनी ठरवून टाकलं होतं. ज्या हाती द्यायचं त्या हाताला मात्र कोणी विचारलं नव्हतं.

तो हात त्यांच्या एकुलत्या एक लेकीचा. तिला घरात सगळे पिपाणी म्हणत, कारण लहानपणी पातेल्यावरचं झाकण स्टिअरिंगसारखं फिरवत, तोंडाने हॉर्न वाजवत ती दुकानभर हिंडायची. आता ती चांगली हाताशी आली होती. पहाटे आईबरोबर दूध तापवायची, उजाडल्यावर टेम्पोतून हॉटेलांना दही पोचवायची. आणि आईला पत्ता लागू न देता तिने शहराच्या बससेवेत ड्रायव्हरच्या जागेसाठी चाचणी दिली होती. एवढंच नाही, ती पासही झाली. आता डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला तेवढा द्यायचा राहिला होता. बातमी कळली तेव्हा बाबांनी लेकीची पाठ थोपटली. बाई पातेलं घासत राहिल्या. ते पातेलं आधीच घासून ठेवलेलं होतं.

"इथे टेम्पो आहे की चालवायला," त्या शेवटी म्हणाल्या.

"टेम्पोत दही बसतं, आई. बसमध्ये माणसं बसतात," पिपाणी म्हणाली.

"दही निदान तक्रार करत नाही."

मायलेकींच्या मध्ये पडायचं नाही हे बाबांना पुरतं ठाऊक होतं. ते गल्ल्यावर जाऊन बसले. त्या दिवसापासून घरात बोलणं चालू होतं, पण कामापुरतंच.

पिपाणीला शाळेपासून चष्मा. पण उकळत्या दुधासमोर उभं राहिलं की काचांवर वाफ धरायची आणि समोरची कढई दिसेनाशी व्हायची. दोनदा दूध उतू गेलं, एकदा हात भाजला, तेव्हा तिने लेन्स लावायला सुरुवात केली. डोळ्यात काहीतरी घालून फिरायचं ही कल्पना बाईंना मुळीच पसंत नव्हती. एकदा त्या आरशाच्या बाजूला उभं राहून लेकीचं सगळं बघत राहिल्या. पिपाणीने डबीतून लेन्स काढल्या, डोळ्यांत बसवल्या. रात्री परत काढून ठेवताना डबीतलं सोल्यूशन तिने ओतून दिलं नाही. तळाशी थोडं राखलं, त्यावर बाटलीतलं ताजं घातलं आणि झाकण घट्ट लावलं. बाईंचा जीव भांड्यात पडला. शेवटी पोर कोणाची, असं त्यांना वाटलं.

आणि मग एका सकाळी पिपाणी उजवा डोळा मिटूनच खाली आली. डोळा लालभडक. पाणी थांबत नव्हतं. खिडकीतून उन्हाची तिरीप आली तशी तिने तोंड फिरवलं.

"वाफ लागली असेल," बाई म्हणाल्या. "थंड दुधाचा बोळा ठेवते."

"नको. लेन्स काढून ठेवलीये. होईल बरं."

दुपारपर्यंत बरं झालं नाही. उलट डोळ्यात खडा रुतल्यासारखं दुखायला लागलं. बाबांना मेडिकलच्या दुकानातून थेंब आणायचे होते. पण पिपाणीने तोवर लेन्स, डबी, बाटली पिशवीत कोंबली होती आणि ती चपला घालून दारात उभी होती. जिला कधी शिंक आली तरी डॉक्टरकडे न्यायला मिनतवाऱ्या कराव्या लागत, ती पोर आपणहून निघाली होती. त्यांनी पदर खोचलेला तसाच ठेवून तिच्यामागे धाव घेतली.

दवाखान्यातल्या बाकावर बसल्या बसल्या त्यांच्या मनात एक विचार आला. आता हिला कोण बस चालवू देतंय. त्यापाठोपाठ आणखी एक आला, बरं झालं. तो आला तसा त्यांनी झटकून टाकला, पण आला तो आलाच. शेजारी लेक रुमालाने डोळा टिपत होती आणि आपल्याला हे सुचतंय, याची त्यांना इतकी लाज वाटली की त्या उठून उगाचच पाणी प्यायल्या.

डॉक्टर तशा तरुणच होत्या. त्यांनी पिपाणीला यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यात रंगाचा थेंब टाकला आणि बराच वेळ आत पाहिलं.

"बुबुळावर काचेसारखा पडदा असतो ना, त्याला जखम झालीये," डॉक्टर म्हणाल्या. "जंतू शिरलेत. हा पांढरा ठिपका त्याचाच. लेन्सची डबी आणलीत? छान केलंत. धुतली नाहीत ना?"

दवाखान्यात आल्यावर बाई डबी नळाखाली धरणारच होत्या. दुसऱ्याकडे भांडं धुऊनच न्यायचं, ही रीत त्यांना माहीत होती. पिपाणीने ती त्यांच्या हातून काढून घेतली होती म्हणून वाचली.

"डबीतलं सोल्यूशन कधी बदलता?"

"रोज घालते," पिपाणी म्हणाली. "थोडं राखते आणि वर ताजं घालते."

"राखता म्हणजे?"

"सगळं ओतून टाकायचं नाही ना," बाईंनी तोंड घातलं. निदान या एका बाबतीत तरी लेकीचं चुकलेलं नाही, हे डॉक्टरांना कळावं असं त्यांना वाटत होतं. "आमच्याकडे पद्धतच आहे तशी."

डॉक्टरांनी आधी आईकडे पाहिलं, मग लेकीकडे. "काय करता तुम्ही?"

"दह्याचं दुकान आहे."

डॉक्टर हसल्या नाहीत, पण टेबलावर समोरच पडलेलं पेन त्यांना जरा वेळ सापडेना. "मग मला सांगा काकू, तळाशी थोडं जुनं ठेवलं, वर ताजं घातलं, झाकण लावून ठेवून दिलं, तर काय होतं?"

"दही लागतं," बाई म्हणाल्या.

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. जन्मभर जे दोघींच्या हातून झालं होतं, जे त्यांना झोपेतसुद्धा जमलं असतं, तेच त्या एवढ्याशा डबीत होत होतं. फक्त तिथे दही लागत नव्हतं.

"सोल्यूशन जंतू मारतं ते ताजं असतानाच," डॉक्टर सांगू लागल्या. "एकदा वापरलं की त्याची ताकद गेली. त्यात नवं घातलं तर नव्याचंही नुकसान. डबी रोज पूर्ण रिकामी करायची. सोल्यूशननेच धुवायची, नळाच्या पाण्याने नाही. पालथी घालून कोरडी होऊ द्यायची. आणि डबी काय जन्माची नसते, तीन महिन्यांत बदलायची."

"कोरडी?" बाईंना तो शब्द जिभेवर चमत्कारिक लागला. त्यांच्या घरात कोरडं पडलेलं भांडं म्हणजे बुडालेला धंदा.

"खडखडीत कोरडी."

"नजर जाईल का?" पिपाणीने विचारलं. तिचा आवाज एवढा बारीक बाईंनी कधी ऐकला नव्हता.

"ठिपका बाहुलीच्या कडेला आहे. तिथेच भरून आला तर फारसं बिघडणार नाही. मधे सरकला तर डाग नजरेच्या आड येईल. थेंब तासातासाने घालायचे, रात्रीसुद्धा. रोज येऊन दाखवायचं. दाखल्याचं नंतर बघू."

त्यानंतरचे दिवस बाईंनी घड्याळाच्या गजरावर काढले. पिपाणीला स्वतःला थेंब नीट घालता येत नव्हते, डोळा उजेडाला उघडायचाच नाही. बाई प्रत्येक वेळी साबणाने हात धूत, स्वच्छ कापडाने कोरडे करत, बाटलीचं टोक पापणीला लागणार नाही अशी धरत. दुधात हात घालण्याआधी त्या जेवढी काळजी घेत तेवढीच. हे काम त्यांना कोणी शिकवायची गरज पडली नाही. पहाटेची कढई बाबांनी सांभाळली आणि दोनदा दही आंबट केलं. गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली, पण बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं.

एका दुपारी थेंब घालून झाल्यावर पिपाणी डोळा मिटून पडली होती. बाई तिच्या उशाशी बसल्या होत्या. तोंड दिसत नसलं की काही गोष्टी सोप्या होतात.

"तुझा डोळा आला तेव्हा," त्या म्हणाल्या, "मला वाटलं, बरं झालं. आता घरीच राहशील."

"माहितीये मला," ती म्हणाली. "तू त्या बाकावर बसलेली असताना मी तुझ्याकडे बघितलं होतं. एक डोळा चालू होता माझा."

बाईंना तोंड लपवायला जागा राहिली नाही. त्या उठून गेल्या, आणि पुढच्या थेंबांच्या वेळेला बरोबर परत आल्या.

ठिपका सरकला नाही. आधी त्याच्या कडा निवळल्या, मग तो आक्रसला, आणि शेवटी टाचणीच्या टोकाएवढी धुरकट खूण तेवढी राहिली, तीही यंत्रातूनच दिसणारी. पिपाणीला नवा चष्मा मिळाला. जुनी डबी आणि लेन्स डॉक्टरांनीच कचऱ्यात टाकायला लावल्या. लेन्स पुन्हा लावायच्या की नाही ते पुढे बघायचं ठरलं. बस चालवताना तोंडावर वाफ थोडीच येते, असं बाबा म्हणाले, आणि या वेळी बाईंनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं नाही.

दाखल्याचा दिवस उजाडला. डॉक्टरांनी पिपाणीला खुर्चीत बसवून समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता उजळला. डावा डोळा सहज पार पडला. मग त्यांनी तो झाकला.

"आता आजारी डोळ्याने. शेवटून दुसरी ओळ आली पाहिजे. बससेवेची अट आहे."

पिपाणीने वरच्या ओळी झरझर वाचल्या. त्या ओळीशी आली आणि थांबली. डोळ्यात पाणी आलं होतं, ती पापण्या मिटून उघडत होती. बाई दाराशी उभ्या होत्या. वाच गं बाई, त्या मनात म्हणत होत्या. वाच आणि जा कुठे जायचं ते. आणि बघता बघता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ध."

"काकू, सांगायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"घ," पिपाणी म्हणाली.

"बरोबर. पुढचं?"

बाईंनी ओठ गच्च मिटले, पण ओठांना दम निघेना. "भ," त्या पुटपुटल्या.

"म," पिपाणी म्हणाली. आणि मग थांबत थांबत, पण न चुकता, ओळ संपवली.

डॉक्टरांनी झाकण काढलं. "झालं. चष्म्यासह दोन्ही डोळे बस चालवायला योग्य."

पिपाणीचा चेहरा उजळायला हवा होता. पण ती खुर्चीतच वळली आणि आईकडे पाहत राहिली.

"आई, तू मला चुकवत होतीस?"

बाईंना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्या दोन पावलं पुढे आल्या. "अगं, नाही गं."

"दोनदा चुकीचं सांगितलंस. मी तुझं ऐकलं असतं तर नापास झाले असते."

"मला तेच दिसलं. तुझी शपथ. मी तर म्हणत होते पास हो म्हणून." बाई काकुळतीला आल्या. स्वतःच्या तोंडाने एकदा कबूल केलेली गोष्ट आता अशी आडवी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि आता ती परत घेताही येत नव्हती.

डॉक्टरांनी दोघींकडे पाहिलं. "काकू, तुम्ही डोळे शेवटचे कधी तपासले?"

"माझे? मला काय धाड भरलीये?"

"बसा."

पिपाणी उठली. बाई त्या उबदार खुर्चीत अंग चोरून बसल्या. एक डोळा झाकला गेला. वरच्या दोन ओळी त्यांनी ठणकावून वाचल्या. तिसऱ्या ओळीपासून त्या चाचपडायला लागल्या, आणि चौथ्या ओळीपासून तर अक्षरांच्या मुंग्या व्हायला लागल्या. मघाच्याच ओळीतल्या पहिल्या अक्षरावर डॉक्टरांनी पट्टी टेकवली.

"हे?"

"ध," बाई म्हणाल्या. अगदी खात्रीने.

मग त्यांच्या खांद्यावर हात येऊन पडला. पिपाणी खाली वाकली. तिचा श्वास बाईंच्या कानाला लागत होता, आणि ती हसतेय की रडतेय ते कळत नव्हतं.

"घ आहे गं, आई," ती कुजबुजली. "घराचा घ."

"घ," बाई मोठ्याने म्हणाल्या. डॉक्टरांनी ते उत्तर धरलं नाही.