लाल झेंड्यांची हद्द

बॅटऱ्या वितळवून शिसं काढायचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली, तेव्हा कुठे मोठ्या साहेबांना शोध लागला की तिथली जमीन विषारी आहे. कुणी चुकूनही आत जाऊ नये म्हणून लाल झेंड्यांनी हद्द आखायची ठरली. आणि हद्द आखायला मोजणीदाराला आत पाठवलं.

"साहेब, मास्क वगैरे काही?" त्याने चाचरत विचारलं.

"मास्क माती खणणाऱ्यांना. तुम्ही तर नुसतं बघता!" साहेब रस्त्यावरूनच म्हणाले आणि गाडीची काच वर केली.

बिनतोड मुद्दा होता. मोजणीदार महिनाभर त्या मातीकडे बघत राहिला, गुडघे टेकून, खुंट्या ठोकत, खिळे दातांत धरून. संध्याकाळी तोच धुरळा पँटवर घेऊन घरी यायचा. दार उघडताच चार वर्षांची लेक धावत येऊन गुडघ्यांना मिठी मारायची आणि नाक पँटवर घासायची. ती पँट बायको लेकीच्या फ्रॉकांबरोबरच धुवायची, तेवढीच पाण्याची बचत. साइटवरच्या मातीत पडून वाकलेले झेंडेही त्याने लेकीला खेळायला आणले. बाप असावा तर असा! खेळाचा नियमही शिकवला, लाल झेंडा ओलांडायचा नाही. लेक कुंड्यांत झेंडे रोवायची आणि एखाद्याची काडी चोखत पहारा द्यायची.

मग तिचं पोट दुखायला लागलं. जेवण तुटलं. तोंडपाठ गाणी ती मध्येच विसरायला लागली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं.

"हिच्या रक्तात शिसं आहे. घरात कुठून आलं?"

"आमच्या घरात? छे! बायको रोज दोनदा फरशी पुसते."

"तुम्ही काम काय करता?"

तो सांगायला लागला आणि लेकीला आणलेल्या झेंड्यांपाशी येऊन स्वतःच्या पँटच्या गुडघ्यांकडे बघायला लागला. बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही, हे त्याला जास्त लागलं.

"झेंडे आजच टाका. अंघोळ करून, कपडे बदलूनच घरात शिरा," बाई म्हणाल्या. "रक्तातलं शिसं हळूहळू उतरेल. विसरण्याचं मात्र आज सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांकडे अंघोळीची सोय मागितली. भीती बाजूला ठेवून लेकीचंही सांगितलं.

"मुलगी आपल्या साइटवर आली होती का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग तो विषय आपल्या हद्दीत येत नाही."

संध्याकाळी तो त्याच धुळीत घरी आला. बाहेर अंघोळ करायची कुठे, याचं उत्तर सापडलं नव्हतं. आज लेक धावत आली नाही. ती आतच उभी होती. उंबऱ्यावर मातीचा गोळा, त्यात खोचलेली पेन्सिल आणि पेन्सिलीला तिच्या वेणीची लाल रिबीन.

"बाबा, तिकडेच थांब. झेंडा लागलाय."

मोजणीदार थांबला. महिनाभर लागलेल्या सगळ्या झेंड्यांत हा एकच बरोबर जागी होता.