सगळा माल घेणारं गिऱ्हाईक

"सुई उचलू नकोस. गाणं संपलं म्हणून लगेच उठायचं नसतं. खरखर ऐक जरा."

हा दादाचा आवाज. पस्तीस वर्षांपूर्वीचा, छापखान्याच्या मागच्या खोलीतला, शाईचा वास लागलेला. दोघे भाऊ कागदाच्या गठ्ठ्यांवर बसलेले, मधे जुना रेकॉर्ड प्लेयर, आणि त्यावर फिरणारी अमेरिकी ब्लूज गाण्यांची रेकॉर्ड. त्या गाण्याची बांधणी धाकट्याला दादानेच समजावली होती. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसरीत मनातलं सांगून मोकळं व्हायचं. "दोनदा कशाला?" असं धाकट्याने विचारलं, तेव्हा दादा म्हणाला होता, "तिसरी सांगायचा धीर यायला वेळ लागतो म्हणून."

तो धाकटा आता साठीला टेकला होता. सगळे त्याला बाजारबुवा म्हणत, आणि त्यालाही ते आवडे. किल्ल्या बनवणाऱ्याच्या गाळ्यावर, पहिल्या मजल्यावर त्याचं जुन्या रेकॉर्डांचं दुकान होतं. पुढच्या खोलीत रॉक, मागच्या खोलीत ब्लूज, आणि दोन्ही खोल्यांत त्याचं प्रवचन. "गिटार काय, बाजार काय, मोकळे सोडाल तरच वाजतील," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक नवं असलं तर पुढचंही ऐकावं लागे : "भाव म्हणजे काय? भाव म्हणजे निरोप. कुणाला काय हवंय, हे एका परक्याकडून दुसऱ्या परक्याला कळवणारा. तो निरोप मधेच कुणी अडवायचा नाही, कुणी बदलायचा नाही."

म्हणून दुकानात कुठल्याही रेकॉर्डवर किंमत लिहिलेली नव्हती. जी हवी तिच्यासाठी चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची. पैसे लिहा, नाहीतर बदल्यात द्यायची वस्तू लिहा. शनिवारी चार वाजता चिठ्ठ्या उघडायच्या, सर्वांत वरचढ चिठ्ठीला रेकॉर्ड द्यायची. मालकाने स्वतः चिठ्ठी टाकायची नाही. आणि काउंटरमागे त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती : इथे सगळं विकाऊ आहे.

या साऱ्या श्रद्धेचं मूळ पहिल्या दिवसात होतं. एकतीस वर्षांपूर्वी छापखाना सोडून त्याने दुकान मांडलं, तेव्हा जवळ बेचाळीस रेकॉर्ड होत्या, त्याही जमिनीवर ओळीने लावलेल्या. दुपारपर्यंत एक माशी तेवढी आत येऊन गेली. मग राखाडी कोटातला एक अनोळखी माणूस आला, घासाघीस न करता सांगितलेला भाव देऊन बेचाळीसच्या बेचाळीस रेकॉर्ड घेऊन गेला. "ना ओळख, ना मेहेरबानी!" बाजारबुवा सांगे. "त्याला गाणी हवी होती, मला दुकान चालवायचं होतं. संपला विषय." दुसऱ्याच दिवशी त्याने त्या पैशांतून तिप्पट माल आणला. राखाडी कोट पुन्हा कधी फिरकला नाही, याचं मात्र त्याला कधी नवल वाटलं नाही.

दादा त्या जिन्यावर कधी चढला नाही. दादा छापखान्यातला मुकादम, कामगार संघटनेचा सेक्रेटरी. धाकट्याने नोकरी सोडतो म्हणून सांगितलं, तेव्हा तो छपाईचे खिळे जुळवत होता. मान वर न करता एवढंच म्हणाला, "जा. कुणी अडवलंय?" धाकटा निघाला तेव्हा मात्र रेकॉर्ड प्लेयर आणि ती ब्लूजची रेकॉर्ड दोन्ही त्याने देऊन टाकली. कव्हरवर पेनने लिहिलं होतं : धाकट्यास. त्यानंतर दोघे भेटत ते फक्त घरच्या जेवणांना. तिथे दादा म्हणे, भाव न्यायाने ठरला पाहिजे, धाकटा म्हणे, न्याय कोण ठरवणार, तू? मग वहिनी दोघांपुढची ताटं उचले.

ती रेकॉर्ड पाटीच्या वर खिळ्याला टांगलेली असे. एकतीस वर्षांत तिच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं.

त्या सोमवारी दातांच्या डॉक्टरांनी दाखवलं.

"ती वरची. ती आवृत्ती आता कुठेच मिळत नाही हो. तिच्यासाठी चिठ्ठी टाकतो."

बाजारबुवाने तोंड उघडलं. 'ती नाही' हे दोनच शब्द, पण ते बाहेर पडेनात. हिशेब तपासायला आलेली लेक खुर्चीवर बसून बघत होती. औषधांच्या दुकानात दिवसभर चिठ्ठ्याच वाचायची तिला सवय.

"बाबा, पाटी वाचून दाखवू का?"

"मला वाचता येतं."

"मग सरकवा ना पेटी."

त्याने पेटी पुढे सरकवली. डॉक्टर गेल्यावर म्हणाला, "हा माणूस दात काढताना तरी इतकं नेमकं बोट ठेवतो का?"

तो आठवडा त्याला जड गेला. रेकॉर्ड गेली तर खिळा उरणार. नाही दिली तर पाटी उतरवावी लागणार, आणि पाटीखाली एकतीस वर्षं जे बोललो ते सगळं. बुधवारी त्याने दादाला फोन करायला घेतला आणि ठेवून दिला. गुरुवारी तो खाली किल्लीवाल्याकडे गेला.

"एक चिठ्ठी टाकशील? तुझ्या नावाने. आकडा मी सांगतो, पैसेही मीच देतो."

किल्लीवाला कानस घासत राहिला. "म्हणजे खिसा तुमचा, हात माझा. याला तुमच्या भाषेत काय म्हणतात हो, बुवा?"

"लबाडी," बाजारबुवा म्हणाला आणि गुपचूप वर आला.

शनिवारी चार वाजता लेकीने पेटी उघडली. पहिली चिठ्ठी एका संगीत शिक्षिकेची, बेताची. दुसरी डॉक्टरांची. तो आकडा ऐकून डॉक्टर स्वतःच खाकरले. "अजून कुणी?" लेकीने विचारलं. तिचं लक्ष चिठ्ठ्यांपेक्षा जिन्याकडे जास्त होतं.

जिन्यावर पावलं वाजत होती. दोन पायऱ्या, मग थांबणं. दोन पायऱ्या, मग थांबणं. आधी किल्लीवाला आला, छातीशी लाकडी खोकं धरलेला. त्याच्यामागे दादा.

"तू सांगितलंस याला?" बाजारबुवाने लेकीला विचारलं.

"मोठे काका गिऱ्हाईक नाहीत का? बाजार मोकळा आहे ना?"

दादाने कठड्याला धरून दम घेतला, भिंतींवरून एक नजर फिरवली आणि घडी घातलेली चिठ्ठी लेकीच्या हातात दिली. अक्षर अजून तसंच होतं, खिळ्यांसारखं सरळ. तिने वाचलं : "बेचाळीस रेकॉर्ड. एकदाही न वाजवलेल्या."

खोक्याचं झाकण निघालं. बाजारबुवाने पहिली रेकॉर्ड उचलली. कव्हरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला भाव होता, भोवती गोल. दुसरीवरही तसाच. असे गोल त्याने फक्त पहिल्या दिवशी काढले होते, नंतर कधीच नाही. तो एकेक कोपरा बघत गेला.

डॉक्टर मात्र गुडघ्यांवर बसले होते. रेकॉर्ड खिडकीच्या उजेडात तिरक्या धरून बघत होते. "एक चरा नाही हो! यातल्या चार घेतल्या तरी माझा आकडा संपला. माझी चिठ्ठी फाडा." उठून धूळ झटकत ते म्हणाले, "आणि या खोक्यासाठी मी आत्ताच नवी चिठ्ठी टाकून जातो."

"टाका," बाजारबुवा म्हणाला. नियमाप्रमाणे रेकॉर्ड दादाची झाली होती. त्यात कुठे खोट काढायला जागा नव्हती.

माणसं गेली. लेक चहा ठेवायला मागच्या खोलीत गेली. खिळ्यावरची रेकॉर्ड काढून बाजारबुवाने दादापुढे ठेवली.

"राखाडी कोट कोण होता?"

"आमचा बाइंडर. गेला बिचारा."

"आणि खिसा तुझा."

"हं."

"एकतीस वर्षं लोकांना सांगतोय मी. ना ओळख, ना मेहेरबानी." बाजारबुवाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "कीव आली होती माझी?"

"चहात साखर कमी घालायला सांग तिला," दादा म्हणाला.

"वाजवल्या का नाहीस एकदाही?"

"प्लेयर कुठे होता माझ्याकडे? तुला दिला होता ना."

यावर दोघेही थोडे हसले, वेगवेगळ्या दिशांना बघत. मग दादा म्हणाला, "माझी रेकॉर्ड आहे ना आता? लाव."

बाजारबुवाने ती बाहीने पुसली आणि लावली. गिटार सुरू झाली, मागून तो म्हातारा, घोगरा गळा. पहिली ओळ, पुन्हा तीच, मग तिसरी. चहा आला, निवला. दादा काउंटरवर बोटं टेकवून बसला होता. बोटांच्या टोकांत जुनी शाई अजून काळी होती, की तसं नुसतं वाटत होतं, कोण जाणे. एक बाजू संपली. शेवटचा सूर विरला आणि सुई रिकाम्या कडेवर फिरू लागली. सवयीने बाजारबुवाचा हात पुढे गेला.

"सुई उचलू नकोस."

हात थांबला.

"सगळा माल उचल, असं मीच सांगितलं होतं त्याला."

खरखर चालू होती.

"सगळा उचल, एकही ठेवू नकोस, असं मीच सांगितलं होतं."

बाजारबुवाने वर पाहिलं. दादा फिरत्या रेकॉर्डकडे बघत होता.

"मला वाटलं, माल संपला की दुकान संपेल, आणि तू परत येशील. तुझं मशीन मी महिनाभर मोकळं ठेवलं होतं रे, धाकट्या. मला एकट्याला तिथे करमत नव्हतं."