महाराजांच्या लेखाचं चौथं पान

पंचवटीतल्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर संशोधक महाराज बसले होते. अंगात कफनी, वर डॉक्टरांचा पांढरा कोट. दारात प्रत्येकाच्या उजव्या हातावर कापलेल्या द्राक्षांचा प्रसाद पडत होता.

एका आजोबांच्या उजव्या हाताच्या बोटाला सुई टोचली. यंत्रावर शुगर तीनशे दहा. महाराजांनी झारीतल्या पाण्यानं त्यांचे हात धुतले, एक घोट पाजला आणि पुन्हा सुई टोचली. एकशे पासष्ट.

“हा चमत्कार नाही हं,” महाराज माईकवर म्हणाले. “संशोधन आहे. आंतरराष्ट्रीय जर्नलात छापलंय. श्रद्धा नको, सायन्स हवं.”

टाळ्या पडल्या आणि संजनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निम्मा राग तिचा स्वतःवरच होता. तिच्या घरात बाबाबुवांपुढे कुणी वाकत नाही. तिच्या आजोबांनी गंडेदोरे कधीच उंबऱ्याबाहेर फेकले होते. पण छापील कागदापुढे मात्र सगळं घर वाकतं. एम.एस्सी. करणाऱ्या संजनानंच हा लेख आईला वाचून दाखवला होता. आईनं, लताबाईंनी, इन्सुलिन बंद केलं आणि पंधरा दिवसांत पायाच्या बोटाची जखम काळी पडली. तरी त्यांचं एकच म्हणणं, दवाखाना नको, पाण्याला थोडा वेळ दे.

तोच लेख संजनानं प्रकल्पातही घातला होता. कॉलेजातल्या मॅडमनी वही परत केली. “लेखात काय आहे ते लिहिलंस. तो छापला कशासाठी, हे विचारलंस का?”

मग तिनं लायब्ररीत बसून शोधलं. लेखक महाराज, संपादक महाराजांचा मेहुणा. जर्नलचा पत्ता आणि महाराज विकतात त्या पाण्याच्या बाटलीवरचा पत्ता एकच, गाळा नंबरासकट. जर्नलातले सगळे लेख त्याच पाण्यावर. एवढं कळल्यावर तिनं चौथं पान नीट वाचलं.

आज आईचा हात धरून ती स्टेजवर चढली. “माझीही तपासा.”

दोनशे ऐंशी.

“मला शुगर नाही,” ती म्हणाली. आपल्या बाटलीतल्या नळाच्या पाण्यानं तिनं हात धुतले, पुसले. प्यायली थेंबभरही नाही. पुन्हा सुई. चौऱ्याण्णव.

“बेटा, तुझी श्रद्धा कमी पडली,” महाराज म्हणाले.

“मघाशी तर श्रद्धा नको होती तुम्हाला.” संजनानं माईक ओढून घेतला. “यांच्याच लेखात लिहिलंय. पहिली तपासणी प्रसाद घेतल्यावर, हात न धुता. दुसरी हात धुतल्यावर. शुगर रक्तातली उतरत नाही, बोटावरची धुतली जाते. ज्यांनी इन्सुलिन सोडलं असेल त्यांनी आजच्या आज डॉक्टरकडे जावं. आणि कागद कितीही मोठा असो, आधी विचारा, कोणी लिहिला आणि कशासाठी.”

लताबाई तिच्याकडे वळल्या. “तू वाचून दाखवलंस म्हणून मी मानलं गं.”

“हो आई. चुकलं माझं.”

दवाखान्यात बोट काढायच्या संमतीचा कागद पुढे आला. लताबाईंनी पेन हातात घेतलं, पण टेकवलं नाही.

“हा कोणी लिहिलाय?”

“डॉक्टरांनी.”

“कशासाठी?”

“बोट गेलं तरी पाय वाचावा म्हणून.”

“नीट वाचलास?”

“दोनदा.”

मग त्यांनी सही केली.